आजींचं चरित्र लिहिणाऱ्या नातीस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला स्मरणिका काढायचं ठरवलंस, छान केलंस. तू पाठवलेल्या पहिल्या पानावर मात्र ‘धर्मपरायण, सोशिक, प्रेमळ, कष्टाळू’ असे चार शब्द आहेत. चारही खोड. ते कुठल्याही घरातल्या आजींना लागू पडतात. आजी काय करत, किती वाजता, कुणासाठी, आणि त्यापायी त्यांचं काय राहून गेलं, तेवढंच लिही.

आधी वय नक्की कर. हजार पौर्णिमा म्हणजे 29,530 दिवस, साधारण 80 वर्षं 10 महिने. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असेल तर तिच्यावर विसंबू नकोस. शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास तीच टाकत. माहेरच्या गावचा गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात शोध. नोंद वडिलांच्या नावाखाली मिळेल, कारण बाळाचं नाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. पान मोडीत निघालं तर मोडी वाचणारा गाठावा लागेल. आजींना तिथी आणि शक आठवत असेल तर शकात 78 मिळव. पौष-माघ-फाल्गुनातला जन्म असेल तर बहुधा 79. तेव्हाचं पंचांग मिळालं तर अधिक महिना होता का तेही पाहा.

पुढच्या आयुष्याला साल विचारू नकोस, प्रसंग विचार. नवे पैसे आले (1957), पानशेत फुटलं (12 जुलै 1961), कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967), बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) आला, तेव्हा कडेवर कोण होतं? पाळण्यात कोण? ‘किती मुलं’ असं न विचारता ‘किती बाळंतपणं’ असं विचार. दोन आकड्यांमधलं अंतर त्या सांगतील किंवा सांगणार नाहीत. नाही सांगितलं तर तिथेच थांब.

आता भक्ती. ‘आयुष्यभर एकादशी केली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. वर्षाला 24 एकादश्या, अधिक महिन्याच्या वर्षी 26. साठ वर्षांत जवळजवळ दीड हजार. त्या दिवशी स्वयंपाक दोनदा होई का? उपवासाची भगर-आमटी वेगळी आणि पोरांची भाजी-भाकरी वेगळी? दुसऱ्या दिवशी बारस सोडायला चूल किती वाजता पेटायची? तुळशीची माळ कधी घातली, कुणाच्या हातून, आणि माळ घातल्यावर घरात मटण कोण शिजवायचं, कुठल्या भांड्यात? खरी माहिती या शेवटच्या प्रश्नात आहे. हरिपाठाचे 27 अभंग त्यांना तोंडपाठ असतील तर पूर्ण ध्वनिमुद्रित कर, आणि छापील प्रतीहून एखादा शब्द वेगळा आला तर सुधारू नकोस.

सेवेचा हिशेब कर. तुमचं गाव पालखीच्या वाटेवरचं. आजी दर आषाढीला शंभर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालत, असं तू लिहिलंस. माणशी दोन म्हटल्या तरी दोनशे भाकरी. एका मोठ्या भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धर, म्हणजे वीस किलो ज्वारी दळायची. घरात जातं होतं की गिरण आली होती? एकीने थापायची, दुसरीने भाजायची, तरी एका तव्यावर भाकरीला अडीच मिनिटं जातात. एका चुलीवर आठ तासांहून जास्त. शिवाय पिठल्याचं बेसन, सरपण, पाणी. म्हणजे हे काम आजींनी एकट्यानं केलेलं नाही. जावा, शेजारणी, कामाला येणाऱ्या बाया कोण होत्या, त्यांची नावं मिळव. ज्वारी कुणाच्या वाट्यातून निघे आणि त्यावर घरात कुरकुर झाली का, तेही विचार. अशा स्मरणिकांत हाच भाग गाळला जातो आणि अर्धी पानं आजोबांच्या हुद्द्यांनी नि मुलांच्या पदव्यांनी भरतात.

बोलतं करताना समोर वही-पेन घेऊन बसू नकोस. त्यांच्या हाताला काम दे: वाती वळणं, तांदूळ निवडणं, शेंगा फोडणं. फोन विमान मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलवर ठेव, पंखा बंद कर, सुरुवातीला तारीख आणि गाव बोलून घे. चाळीस मिनिटं पुरे. सुधारणा सांगणाऱ्या काका-आत्यांना त्या वेळी बाजाराला पाठव; एकानं ‘अगं, तसं नव्हतं’ म्हटलं की आजी गप्प होतात. ओव्या ‘म्हणून दाखव’ म्हटलं तर दोन ओळींवर अडतात, जात्याच्या खुंट्याला हात लागला की पुढच्या येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या त्या अशाच बायकांकडून. लिहिताना ‘व्हतं’ असेल तिथे ‘व्हतं’च ठेव.

फोटो 600 डीपीआयवर स्कॅन कर. चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नकोस, वरचा थर सुटतो. पानासकट स्कॅन कर. मागे नावं मऊ पेन्सिलीनं लिही, बॉलपेनचे वळ पुढे उमटतात.

छपाईला पानं सोळाच्या पटीत बसव, फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) वाया जात नाही. 48 पुरेत. अक्षर 16 पॉइंट ठेव, कारण वाचणाऱ्या बहुतेक जणी सत्तरीपुढच्या. छापखान्यात युनिकोडचा मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये फिरवताना रफार आणि ‘ऱ्या’ हमखास तुटतात, म्हणून प्रूफ फॉन्ट बदलल्यावरच तपास. छापायला देण्यापूर्वी सगळं आजींना वाचून दाखव आणि त्या ‘हे नको’ म्हणतील ते काढ, कितीही चांगलं असलं तरी. ध्वनिमुद्रण मात्र पुसू नकोस; दोन ठिकाणी प्रती ठेव आणि ते कुणी, कधी ऐकावं हेही त्यांनाच विचार.

कोतवाल बुकाची नक्कल मिळाली की कळव. मोडी वाचणारे एक गृहस्थ माहीत आहेत, पण ते श्रावणात कामं घेत नाहीत.

कळावे,
तुझा काका