खाऱ्या पाण्यातल्या माशावरचे पांढरे ठिपके आपोआप गेले, तरी औषध करायचं का?

हो, करायचं. आजच सुरुवात करा.

तुम्ही लिहिलंय की टँग माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, चार दिवसांत गेले, आता तो नीट खातोय. मग औषधाच्या भानगडीत पडावं का, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं. "गेले की ठिपके!" हे वाक्य मी आमच्या घरी इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

ठिपके गेले म्हणजे परजीवी पोट भरून खाली उतरले. हा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, फुगतो आणि स्वतःहून सुटतो. मग वाळूला, दगडाला, काचेला चिकटून भोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. कवच फुटलं की एकेकातून शंभर-दोनशे नवे बाहेर पडतात आणि मासा शोधायला लागतात. तुमची टाकी सध्या या मधल्या टप्प्यात आहे. कल्ल्यांत आत्ताही काही असतील, ते बाहेरून दिसत नाहीत.

आमची टाकी दादाची आणि माझी, दोघांची. पावडर ब्लू टँग आणायचं ठरलं तेव्हा मी वेगळी टाकी तयार ठेवली होती: तळाला वाळू नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, हिटर, आणि मुख्य टाकीच्या संपमध्ये (पाणी गाळणाऱ्या जोडटाकीत) आधीपासून मुरवलेला स्पंज फिल्टर. दादाने ती बघितली आणि म्हणाला, "एवढा देखणा मासा या उघड्याबोडक्या डब्यात कोंडणार? ताणानेच मरेल तो." त्याच संध्याकाळी मासा थेट मुख्य टाकीत गेला. आठवड्याभरात ठिपके आले. दादाने खाण्याला लसणाचा रस लावला, ठिपके गेले आणि श्रेय लसणाला मिळालं. मी जीवनचक्र समजावत होतो, कोणी ऐकत नव्हतं.

दुसरी लाट आली ती क्लाउनफिशसकट सगळ्यांवर. टँग पंपाच्या प्रवाहासमोर तोंड उघडं ठेवून उभा राहायचा, कल्ले भराभर हलायचे, मधेच दगडाला अंग घासायचा. सकाळी दिवे लावले की रात्रीपेक्षा ठिपके जास्त, कारण कवचं बहुतेक अंधारात फुटतात. टँग गेला. मग उरलेले मासे बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. ब्लेनी ही छोटी मासळी दगडाच्या भोकातून निघेना, म्हणून तो अख्खा दगड उचलून बादलीवर धरला. पाणी निथळून गेलं तेव्हा कुठे ती खाली पडली. मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवली. प्रयोगशाळेत ७२ दिवसांनी कवच फुटल्याची नोंद आहे, म्हणून हा आकडा. त्यानंतर आमच्याकडे इक, म्हणजे हा पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, दिसलेला नाही.

दादा आजही म्हणतो की तो ताणाचाच आजार होता. ताणाने माशाची ताकद घटते, कबूल. पण पाण्यात क्रिप्टोकॅरिऑन नसेल तर कितीही ताण आला तरी क्रिप्टोकॅरिऑन होणार नाही. तो हवेतून येत नाही, तुम्हीच आणता: माशाबरोबर, ओल्या दगडाबरोबर, पिशवीतल्या पाण्याबरोबर. माशांचं अंग साफ करणारी क्लीनर कोळंबी तो बरा करत नाही. यूव्ही दिव्याने पाण्यातले थोडे मरतात, दगडावरचे तसेच राहतात. तापमान वाढवायचा सल्ला गोड्या पाण्यातल्या इकचा आहे, तो इथे आणू नका.

तेव्हा सगळे मासे, निरोगी दिसणारेसुद्धा, वेगळ्या टाकीत घ्या आणि तांबं सुरू करा. साधं आयोनिक तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम लागतं. चीलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) असेल तर बरंच जास्त, साधारण २ ते २.५. बाटली कोणती ते बघूनच मोजा, आणि टेस्ट किटही त्याच प्रकाराला चालणारं घ्या. डोस एकदम न देता दोन-तीन दिवसांत चढवा. तांबं फक्त पोहणाऱ्या अवस्थेला मारतं; कातडीतल्याला आणि कवचातल्याला नाही. म्हणून पातळी महिनाभर अखंड ठेवावी लागते. मधे एक दिवस घसरली तर मोजणी पहिल्यापासून. माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारा अमोनिया रोज तपासा. पुष्कळ मासे औषधाने मेले म्हणतात ते अमोनियाने मेलेले असतात.

पुढे प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टाकीत. देखणा असला तरी.

एक राहिलं. मुख्य टाकीत तांबं कधीही घालू नका. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतील आणि दगड ते शोषून धरतील. रास (wrasse) जातीचे काही मासे तांब्याला नाजूक असतात, त्यांच्यासाठी दर ७२ तासांच्या आत नव्या स्वच्छ टाकीत हलवायची पद्धत बरी. आणि ठिपके मिठाच्या कणांएवढे नसून अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसत असेल, मासा उजेड टाळत असेल, तर तो व्हेल्वेट, दुसऱ्या परजीवीचा आजार. त्याला तांबंच लागतं, पण तिथे उद्यावर ढकलायला वेळ नसतो.