कारवाल्याने सायकल अडवून मारहाण केली, पोलिसांनी फक्त एनसी घेतली. त्याला शिक्षा होऊ शकते का?

तुमच्या प्रश्नावरून घटना अशी दिसते: कारवाल्याने हॉर्न वाजवत कट मारला, पुढे जाऊन गाडी आडवी लावली, खाली उतरून ठोसे मारले, तुम्हाला ढकलून पाडलं आणि सायकल लाथाडली. चौकीत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि ‘कोर्टात जा’ म्हणाले.

शिक्षा होऊ शकते, पण आधी त्या एनसीच्या जागी एफआयआर व्हायला हवा. ‘रोड रेज’ नावाचा वेगळा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. घटनेचे तुकडे पाडून भारतीय न्याय संहितेची कलमं लावली जातात. ठोसे मारून साधी दुखापत केली तर कलम ११५(२): एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. अंमलदाराने तेवढंच ऐकलं आणि एनसी केली.

पण तुमच्या हकिकतीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य ‘गाडी आडवी लावली’ हे आहे. वाट अडवणं म्हणजे कलम १२६(२). शिक्षा जेमतेम महिनाभराची, पण गुन्हा दखलपात्र. बेदरकार कट मारणं म्हणजे कलम २८१, तेही दखलपात्र. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपास आणि कोर्टाची कार्यपद्धती ठरवणारा कायदा) कलम १७४(४) सांगतं की प्रकरणातला एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणजे एफआयआर व्हायलाच हवा. ‘त्याने मला मारलं’ एवढंच लिहिलेली फिर्याद आणि ‘गाडी आडवी लावून रस्ता अडवला, मग मारलं’ ही फिर्याद, यांत एवढा फरक पडतो.

आता वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच मजकूर टपालाने पोलीस उपायुक्तांना पाठवा, ग्रामीण भागात असाल तर पोलीस अधीक्षकांना. तरीही काही हललं नाही तर कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नुसती एनसी घेऊन घरी बसू नका. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाला एका वर्षाच्या आतच घेता येते, त्यामुळे तारखा मोजत राहा.

दुखापतीवर सगळ्या प्रकरणाचं वजन ठरतं. हाड मोडलं, दात पडला किंवा १५ दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत, तर ती ‘गंभीर दुखापत’ होते (जुन्या आयपीसीत ही मुदत २० दिवसांची होती). मग कलम ११७(२) लागतं: सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून पोलिसांकडून मेडिकल यादी (तपासणीसाठी रुग्णालयाला द्यायचं पत्र) घेऊन सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या, एमएलसी (पोलीस प्रकरणातली वैद्यकीय नोंद) होऊ द्या. सायकलवरून पडणारा माणूस हात टेकतो आणि मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकतं. ही चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी काढलेल्या एक्स-रेत दिसते. अंगठ्याच्या बुडाशी दुखत राहिलं तर ‘मुका मार आहे’ म्हणून सोडून देऊ नका. फ्रॅक्चर निघालं तर रिपोर्ट घेऊन तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या आणि कलमवाढ मागा.

त्याने डिकीतून पाना, टॉमी (लोखंडी कांब) किंवा हॉकी स्टिक काढली असेल तर कलम ११८(१): तीन वर्षांपर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. गाडीच मुद्दाम अंगावर घातली तर तीही हत्यारच ठरू शकते, आणि हेतू दिसला तर ११० किंवा थेट १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न. तो ‘सायकल दिसली नाही’ म्हणणारच. मागच्या एखाद्या सायकलवाल्याच्या कॅमेऱ्यात त्याने आधी तुमच्यावर हॉर्न वाजवल्याचं दिसलं, तर त्या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून पाठवून मोकळे होऊ नका, तिथे फाइल दाबली जाते. मूळ मेमरी कार्ड बाजूला काढून ठेवा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायचं असतं. आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जप्त करण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. सायकल पंचनाम्याआधी दुरुस्तीला टाकू नका. वाकलेला हँगर (मागचा गिअर बसवायचा भाग), फ्रेमवरचा ओरखडा जसा आहे तसा राहू द्या, दुकानदाराकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या. नुकसान २०,००० च्या वर गेलं तर न्याय संहितेच्या कलम ३२४(४) खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

चालकाचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना सांगणं मालकाला बंधनकारक आहे. एफआयआरची प्रत जोडून आरटीओकडेही अर्ज करा, दखलपात्र गुन्ह्यात गाडी वापरली तर कलम १९ खाली परवान्यावर कारवाई होऊ शकते. गाडीची धडक बसली असेल तर नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत टाका.

तुम्ही त्याच्या बॉनेटवर हात आपटला किंवा आरसा वाकवला होता का? तसं असेल तर वकिलाला आधीच सांगा. उलटी तक्रार येते आणि ‘गंभीर व अचानक चिथावणी’ दाखवता आली तर न्याय संहितेच्या कलम १२२ खाली शिक्षा बरीच उतरते.

लगेच अटक होईल असं धरून चालू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावतात. पहिलाच गुन्हा असेल तर कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडूही शकतं. पण प्रकरण लांबलं म्हणून ते संपतंच असं नाही. पतियाळातल्या १९८८ च्या रस्त्यावरच्या भांडणात नवज्योतसिंग सिद्धूंना सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये फक्त १,००० रुपये दंड केला होता. २०२२ मध्ये फेरविचारात त्याच कोर्टाने एक वर्ष सक्तमजुरी दिली, तीही साध्या दुखापतीच्याच कलमाखाली.

समोरून तडजोडीचा निरोप येईलच. ११५(२) तुम्ही स्वतः मिटवू शकता, ११७(२) ला कोर्टाची परवानगी लागते. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय कशावरही सही करू नका.