ऑफिस सुटल्यावर रात्रभर गाडी चालवून घरी जाऊ नका, आणि पोचायची वेळ तर कोणाला सांगूच नका

तुम्ही विचारलंय की बऱ्याच वर्षांनी बायको-मुलांना घेऊन गाडीने घरी जायचंय, दहा-बारा तासांचा रस्ता आहे, तर ऑफिस सुटल्यावर निघून रात्रभर चालवून पहाटे पोचावं की सकाळी निघावं, आणि घरच्यांना नि जुन्या मित्रांना आधी कळवावं की सरप्राईज द्यावं. पहिल्याचं उत्तर लगेच देते. सकाळी निघा. रात्री रस्ता मोकळा असतो, मुलं झोपतात, एक दिवस वाचतो, हे तिन्ही मुद्दे मला तोंडपाठ आहेत कारण माझा मोठा भाऊ ते वर्षानुवर्षं मांडतोय आणि चारचौघांत मांडतोय, त्यामुळे मला त्याच्याशी कधी नीट बोलता आलं नाही. तुमच्या निमित्ताने लिहिते.

आमच्याकडे गाडी मी चालवते. नवरा शिकला नाही, त्याला आवड नाही, आणि यात आम्हा दोघांना काही वाटत नाही, वाटतं ते इतरांना. त्या वेळी मी बऱ्याच काळाने माहेरी चालले होते, दादाने घरचे सगळे जमवले होते आणि त्याच सुट्टीत शाळेच्या ग्रुपनेही भेटायचं ठरवलेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळे लांबून येणार, काही जण तर लगेच दुपारी परत निघणार. दादा म्हणाला ऑफिस झालं की निघ, पहाटे पोचशील, दोन तास पड आणि जा मैत्रिणींना भेटायला. आईला त्याने सांगूनही टाकलं, पाचपर्यंत येतेय.

मी सकाळी साडेपाचची उठलेली, डबे, मुलांच्या बॅगा, मग पूर्ण दिवस ऑफिस, मग गाडी. पहिले काही तास खरंच छान गेले. मुलं जागी होती, नवरा गप्पा मारत होता. मग एकेक करून सगळे झोपले. बाराच्या पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की वळणाचा बोर्ड यायला हवा होता तो आला नाही, आणि नंतर कळलं की तो येऊन गेला होता. मधला रस्ता मला आठवतच नव्हता. मी डोळे उघडे ठेवून चालवत होते, निदान मला तसं वाटत होतं. पाच-दहा मिनिटांनी चाक पांढऱ्या पट्टीच्या खडबडीवर गेलं, त्या आवाजाने मी दचकले आणि नवरा जागा झाला. तो इतकंच म्हणाला, "थांबायचं का?" मी पुढचं पहिलं दिव्याचं लॉज दिसलं तिथे गाडी आत घेतली. उरलेला रस्ता चारेक तासांचा होता.

दादाला फोन केला तर तो भडकला. आई तुझ्यासाठी जागी बसलीय, चार तासांसाठी कोण लॉजवर झोपतं, आम्ही नाही का रात्र-रात्र चालवत. आणि मग ते वाक्य, की बायकांच्या हातात गाडी दिली की हे असंच होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. शाळेच्या ग्रुपचा फोटो तोवर येऊन गेला होता आणि त्यात मी नाहीये. त्यातल्या दोघी नंतर परदेशात गेल्या, तसे सगळे एकत्र परत जमलेले नाहीत. याचं वाईट मला आजही वाटतं, पण थांबल्याचं एका क्षणासाठीही वाटलेलं नाही. दादा मात्र घरात कुठलंही कार्य असलं की ही गोष्ट सांगतो, 'चार तासांवर घर आणि ही लॉजवर झोपली', आणि सगळे हसतात.

तर दादाचे तीन मुद्दे.

रस्ता मोकळा असतो. असतोच की, आणि तोच त्रास आहे. दिवसा गर्दी, वळणं, माणसं, सिग्नल यांनी डोकं कामाला लागलेलं असतं. रात्री सरळ मोकळ्या रस्त्यावर डोक्याला करायला काही उरत नाही, त्यात पहाटे दोन ते सहाच्या मधे शरीराची झोपेची ओढ सगळ्यात जास्त असते (दुपारी जेवणानंतर दोन ते चार हीसुद्धा एक वेळ आहे, तेव्हाही जपा). डुलकी लागते ती घोरत लागत नाही, दोन-चार सेकंदांची लागते आणि बऱ्याचदा ज्याला लागली त्याला कळतही नाही. ताशी शंभरच्या स्पीडला चार सेकंदांत गाडी एकशे दहा मीटर जाते. तेवढं अंतर ती गाडी कोणीच चालवत नसतं.

१९९७ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता, तो मी दादाला कितीतरी वेळा सांगायचा प्रयत्न केला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि २४ तास जागं राहिलं की साधारण ०.१० टक्क्यांइतकी. बऱ्याच देशांत ०.०५ ही गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजे सकाळी उठून ऑफिस करून रात्रभर चालवून पहाटे जो घरी पोचतो तो थेंबही न पिता पिऊन चालवणाऱ्याच्या अवस्थेत पोचतो. दादा दारूला शिवत नाही आणि पिऊन चालवणाऱ्याला रस्त्यावर शिव्या देतो, आणि दोन रात्रींच्या जागरणावर पोरांना मागे बसवून गाडी हाकतो. मी त्याला हेच सांगत होते आणि त्याने ते 'बायकांचं भित्रेपण' म्हणून उडवून लावलं.

मुलं झोपतात. मुलं झोपतात आणि शेजारचाही झोपतो, मग चालवणारा एकटा जागा. त्याची मान कलली तर बघायला कोणी नाही. रात्री जायचीच वेळ आली तर शेजारच्याने झोपायचं नाही हा नियम करा आणि त्याला जांभया मोजायला लावा. लेन सुटणं, मागचे काही किलोमीटर न आठवणं, बोर्ड हुकणं, स्पीड उगाच कमी-जास्त होणं, यातलं एक जरी झालं तरी थांबायचं, 'अजून थोडंच राहिलंय' हे बोलायचं नाही. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. जाते ती झोपल्याने. कॉफी प्या आणि लगेच गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं सीट मागे करून पडा, कॉफीचा परिणाम यायला अर्धा तास लागतोच तोवर डुलकीही होते. जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं, तेव्हा लगेच चालवू नका. पण हा उपाय तासाभराचा आहे, रात्रभराचा नाही.

एक दिवस वाचतो. हा तर सगळ्यात खोटा हिशोब. पहाटे पोचलेला माणूस आत जाऊन आडवा होतो तो दुपारी उठतो, घरात सगळे हळू बोलतात, मुलं तेवढी झोपून ताजी झालेली असतात ती धिंगाणा घालतात आणि आजी-आजोबा त्यांना गप्प करत बसतात. संध्याकाळी मित्र आले तर हा जांभया देतो. ज्या माणसांसाठी एवढा रस्ता कापून आलात त्यांना तुम्ही चिडलेले आणि अर्धवट झोपेत भेटता. दादा असाच येतो, आई त्याच्या खोलीचं दार लावून घेते आणि दिवसभर त्याची उठायची वाट बघते. हे ती त्याला कधी बोलली नाही, मला बोललीय.

आता सरप्राईजचं. नका देऊ. वयस्क आईवडील असतील तर अजिबातच नको, त्यांना तुमच्या येण्याआधीचे चार दिवसही हवे असतात, खोली आवरायची असते, शेजारी सांगायचं असतं. आधी सांगा, पण दिवस सांगा, वेळ सांगू नका. 'शनिवारी येतोय' इतकंच. 'पाचपर्यंत पोचतो' म्हटलं की चारपासून फोन सुरू होतात, कुठे पोचलात, अजून किती, आणि चालवणारा माणूस त्या फोनसाठी ॲक्सिलरेटर दाबतो. मला त्या रात्री सगळ्यात जास्त त्रास झोपेने दिला नाही, आईला दिलेल्या वेळेने दिला, आणि ती मी दिलीही नव्हती. लाइव्ह लोकेशन शेअर करून ठेवा आणि फोन बायकोच्या हातात द्या. व्हॉट्सॲपवर ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, मधे परत सुरू करावं लागतं, हे घरी आधी सांगून ठेवा नाहीतर बंद पडलं की तिकडे घाबरतात.

मित्रांची भेट पोचायच्या दिवशी ठेवू नका आणि परत निघायच्या आदल्या रात्रीही ठेवू नका. मधल्या दिवशी ठेवा, आणि तारीख ठरवताना ग्रुपवर गप्प बसू नका, मी बसले होते. घरच्यांना आणि मित्रांना वेळ कसा वाटायचा हे मला खरं तर सांगता येणार नाही, ते प्रत्येक घराचं वेगळं असतं. एवढंच बघा की मित्रांना घरी बोलवता आलं तर बोलवा, आईवडिलांनाही ती मुलं लहानपणापासून माहीत असतात आणि त्यांनाही भेटायचं असतं.

काही गोष्टी राहिल्या. चालवणारे दोघं असाल, दोघांची दुपारी खरी झोप झालेली असेल आणि दर दोन तासांनी थांबून अदलाबदल करणार असाल तर रात्रीचा प्रवास इतका वाईट नाही, हे मान्य. ज्यांची कायमची रात्रपाळी आहे त्यांचंही गणित वेगळं. घरी कोणी सीरियस असेल तर माणूस थांबत नाही हेही मला कळतं, पण तेव्हा तर ड्रायव्हर घ्या किंवा दुसऱ्या कोणाला चालवायला घ्या, त्या मनःस्थितीत स्वतः बसू नका. सकाळी निघणार असाल तर आदल्या रात्री पॅकिंग करत दोनपर्यंत जागू नका, नाहीतर सकाळी निघण्याला काही अर्थ नाही. आणि जमलं तर वाटेत एक मुक्काम सरळ प्लॅनमध्येच धरा आणि घरी तसंच सांगा, म्हणजे थांबलात तर कोणाला उत्तर द्यावं लागणार नाही.

परतीचंही बघा. येताना सगळे जपून येतात, जाताना आदल्या रात्री जुने मित्र उठू देत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं म्हणून सुट्टीची शेवटची संध्याकाळ संपवून रात्रीच निघतात. शक्य असेल तर परतल्यानंतरचा एक दिवस रजा टाका, सुट्टी एक दिवस कमी मिळाली तरी चालेल.