पहिलं मनन लिहायच्या आधी

बाळा, चर्चच्या तरुण संघात तुला सामाजिक विषयावर मनन, म्हणजे बायबलच्या आधारे छोटं भाषण, दिलंय, छान झालं. पण 'समाजात प्रेम हवं' असं मोघम लिहू नकोस. मंडळी घड्याळ बघायला लागते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 10 वा अध्याय काढ. यहुदी ज्यांना परकं मानत त्यांच्यातला एक शोमरोनी, वाटेत लुटारूंनी मारलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेवाल्याच्या हातात दोन दीनार ठेवतो. वर सांगतो, जास्त लागले तर परत येताना देईन. दया म्हणजे खिशातला खर्च. तिथेच जरा रेंगाळ.

पुण्यातलंच उदाहरण घे. 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर केवढा गदारोळ उठला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. हे सांगताना त्या काळच्या लोकांना हसायचा मोह होईल. आवर. आपल्यातही सोयरीक जमवताना जात हळूच विचारतातच की! तेवढं बोललास तर एखादे काका तोंड वाकडं करतील. करू देत.

आणि हो, उपासनेबाहेरचे मित्र सोडू नकोस. गणपतीत त्यांच्या घरी गेलास तर वाद उकरू नकोस. कुणाचे वडील ससून रुग्णालयात असतील तर एक रात्र तू थांब, मित्राला झोपू दे. प्रार्थना करायची असेल तर आधी विचार.