जुनी ट्रेल बाईक घेताय? आधी एअर फिल्टरची पेटी उघडा

प्रश्न : माझी उंची ५ फूट ५ इंच. नोकरी बुटीबोरीला, आजवर १२५ सीसीचीच गाडी चालवली. रविवारी पांदण रस्त्यांनी, मुरमाच्या वाटांनी फिरायला जुनी हीरो एक्सपल्स २०० घ्यायची आहे. दोन गाड्या पाहिल्या. एक २०१९ची, २२ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी २०२२ची ४व्ही (चार व्हॉल्व्हच्या इंजिनाची), फक्त ९ हजार, पण तिला रॅली किट (उंच सस्पेन्शनचा संच) बसवलंय आणि मालक थोडे जास्त मागतोय. कोणती घेऊ? बघताना काय बघायचं?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : रॅली किटवाली आहे तशी घेऊ नका. साध्या एक्सपल्सच्या सीटची उंची सुमारे ८२५ मिलिमीटर, किट बसल्यावर ती बरीच वाढते. नवशिका पडतो तो बहुतेक वेळा वेगात नाही, तर नाल्याच्या चढावर गाडी बंद पडली आणि टेकवायला पाय पोचला नाही म्हणून. मालकाकडे मूळचे पुढचे शॉकअप, मागचा मोनोशॉक आणि साइड स्टँड असेल, तो ते परत बसवून देत असेल, तर मात्र ४व्हीचा विचार जरूर करा. २०१९च्या बीएस-४ (जुन्या प्रदूषण मानकाच्या) गाडीला इंजिनाचं तेल थंड ठेवणारा ऑइल कूलर नाही, तो २०२०च्या बीएस-६पासून आला. नागपूरच्या मे महिन्यात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रांगायचं म्हटलं की हा फरक जाणवतो.

किलोमीटरच्या आकड्यावर फार जाऊ नका. वर्धा रोडवर रोज ये-जा केलेले २२ हजार इंजिनाला सोपे जातात, मुरमाच्या धुळीतले ९ हजार त्याहून जड. खरं काय ते एअर फिल्टरची पेटी सांगते. झाकण काढा, फिल्टर बाहेर घ्या आणि फिल्टरच्या आतल्या बाजूला, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. बाहेरच्या बाजूला धूळ असणारच, त्याला हरकत नाही. आतून फडकं तांबूस निघालं, तर माती फिल्टर ओलांडून सिलिंडरपर्यंत गेली आहे. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात, आणि मग चालत्या गाडीत अॅक्सिलरेटर दिला की निळा धूर येतो. सकाळी सुरू करताना जरासा धूर येऊन लगेच थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. तो खर्च त्यामानाने कमी.

म्हणून गाडी थंड असतानाच बघायला जा. पोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम लागलं, तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली आहे. 'नंतर येतो' म्हणा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

पुढे खालून सुरुवात करा. मोबाइलचा टॉर्च लावून संप गार्डच्या (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आत बघा. गार्डला ओरखडे असणं चांगलंच, त्याने काम केलं. पण त्यामागे क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) एमसील दिसलं तर तिथूनच परत फिरा. हँडलखाली जिथे चॅसीचे पाइप एकत्र येतात तिथले वेल्डिंग आणि दोन्ही बाजूचे हँडल-स्टॉपर नीट पहा. स्टॉपर चेपलेला असेल किंवा फक्त तेवढ्याच भागाला नवा रंग असेल, तर गाडी समोरून जोरात आपटली आहे.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्ये आल्यावर 'टक' करून अडकलं तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला. चाक वर-खाली धरून हलवा : खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग गेलं. मागचं चाक आडवं हलवल्यावर अख्खा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) हलला तर त्याचे बुश गेले. आपल्याकडे लोक पावसाळ्यानंतर काळी माती प्रेशर वॉशरने उडवतात. त्यात ग्रीस धुऊन जातं, पाणी आत राहतं आणि हे सगळे भाग लवकर जातात.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागून बोटाने ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट नवा टाकावा लागेल, तेवढे पैसे भावातून कमी करा. स्पोकवर पान्याने एकेक हलका ठोका द्या. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा, खणखणीत हवा. 'थड' वाजला तो सैल. चार-पाच सैल असले तर चालतं, कसून घेता येतात. रिमला पोचा मात्र चालत नाही, कारण त्या जागी दगड लागला की ट्यूब चिमटते.

पुढचे शॉकअप पुसून कोरडे करा, ब्रेक दाबून पाच-सहा वेळा जोर द्या. नळीवर तेलाची रेघ उमटली तर ऑइल सील गेलं. नुसतं सील स्वस्त असतं. नळीला गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही महिन्यात फाटतं.

शेवटी चालवून : तिसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना अॅक्सिलरेटर एकदम द्या. आवाज चढला, पण गाडी ओढली नाही, तर क्लच प्लेटा संपल्या. चिखलात हाफ क्लचवर चालवलेल्या गाडीत हे नेहमीचं.

आणि बजेटमधले किमान पंधरा टक्के बूट, नीगार्ड आणि हेल्मेटला राखून ठेवा. चपलेवर ट्रेल करू नये, घोटा पहिल्यांदा जातो.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. ओळखीचे एक जण बिननंबरची छोटी डर्ट बाईक स्वस्तात देतायत. काटोल रोडच्या बाजूला मोकळ्या वाटांवर चालवू दिली तर चालेल का?
— एक पालक, गिट्टीखदान

उत्तर : रस्त्यावर नाही. गावाकडे जाणारी पांदणही सार्वजनिक रस्ताच. बिननंबरची गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि अल्पवयीन मुलाने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःचं किंवा परवानगी घेतलेलं शेत असेल, तर गाडी पिकअपमध्ये टाकून न्या आणि तिथेच चालवू द्या. गोरेवाड्याच्या जंगलाचा विचारही नको. राखीव वनात गाडी घालणं वेगळा गुन्हा आहे. घेताना बिल आणि चॅसी नंबर मात्र मागा. नंबरप्लेट नसलेली गाडी चोरीची नाही, हे सांगणारा दुसरा कागद नसतो.

प्रश्न : गाडी एमएच-४० (नागपूर ग्रामीण) आहे, मी शहरात राहते. नावावर करायला काय लागेल?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा आणि पीयूसी. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हे पैसे देण्याआधी हातात घ्या. हस्तांतराची माहिती घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते, विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज करायचा असतो. आरसीवरचा चॅसी नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः ताडून बघा. चिखल बसलेला असेल तर फडक्याने पुसून बघा, मालकाने वाचून दाखवलेला धरू नका.