प्रसाद घेतला म्हणून प्रार्थनासभा मोडायची का?

नाशिकरोडच्या एका ख्रिस्ती ताईंची अडचण (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). शेजारच्या काकू वणीहून आल्या आणि पेढे देऊन गेल्या. मुलांनी ते खाल्ले. मोठ्या जाऊबाईंनी रात्री प्रार्थनासभेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'नैवेद्य खाणाऱ्यांच्या घरी सभा नको.' गुरुवारची सभा ताईंकडेच भरायची. लगेच दोन तट पडले. ताईंचा प्रश्न होता, मंडळीच (म्हणजे चर्चच) बदलू का?

बदलून काय होणार? तिथे मंगळसूत्रावरून वाद निघेल. 1970 साली नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही एका छपराखाली राहिले. इथे तर पेढ्यांचा प्रश्न होता. देवळात पूजेला बसणं मात्र वेगळं, ते किरकोळ नाही.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय सांगतो, पुढे वाढलेलं चौकशी न करता खा. पण 'हे वाहिलेलं आहे' असं कुणी सांगितलं, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. काकू 'देवीचा प्रसाद' म्हणाल्या होत्या का? हो. म्हणजे जाऊबाईंचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं.

पण जाऊबाईंना राग आला म्हणजे त्या अडखळल्या (विश्वासात डळमळल्या) असं नव्हे. मनाला पाप वाटत असूनही ताईंचं पाहून कुणी प्रसाद खाल्ला, तर ते अडखळणं. सभेत नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक मुलगा होता. जपायचं होतं ते त्याला. नाहीतर प्रत्येक नावडत्या गोष्टीला 'मला अडखळण होते' म्हणून कुणीही अडवेल.

ताईंना सुचवलं: ग्रुपवर उत्तर नको. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायाप्रमाणे दोघींनीच भेटायचं, अर्धा तास. आधी जाऊबाई बोलतील. त्यांचं म्हणणं ताई स्वतःच्या शब्दांत परत सांगतील, मगच उत्तर. 'विश्वासात दुर्बळ' हे रोमकरांच्या पत्रातलं विशेषण तोंडावर मारायचं नाही. ठरलं असं की सभेच्या चहाबरोबर वाहिलेलं काही ठेवायचं नाही, आणि ताईंच्या घरच्या ताटाचा विषय सभेत काढायचा नाही. 'प्रभो, काहींचे डोळे उघड' अशा टोमण्याच्या प्रार्थनाही बंद. (सर्वांत जास्त घाव याच घालतात.)

राहिल्या काकू. त्यांना ताईंनी एवढंच सांगावं: 'आमच्यात प्रसाद घेत नाहीत, पण तुमच्या हातच्या चकल्या हक्कानं मागून नेईन.'