युगांडाला निघण्याआधी मुलाच्या शाळेचं ठरवा

सलाम ताई,

तुम्ही दोघंही जालन्याची नोकरी सोडून, सात वर्षांच्या मुलाला घेऊन, जानेवारीत युगांडाला मुलांच्या वसतिगृहात सेवेसाठी निघालात. सामान काय आणावं, परमिटचं कसं होतं, मुलाची शाळा कशी आणि एकटं वाटतं का, असं विचारलंत. आम्ही युगांडातल्या जिंजा शहराजवळ अकरा वर्षं आहोत. उत्तर चार ओळींत देता आलं असतं. पण तुमच्या मुलाचं वय वाचलं आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

परमिटचे प्रकार, फी, यलो फीवरची लस हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते तिथे बघा. तिथे जे नाही ते सांगते. आपली नावं! आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. म्हणजे यांचं मधलं नाव सासऱ्यांचं, माझं मधलं नाव यांचं, मुलीचंही यांचंच. त्यात माझ्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. परमिटच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी चारही कागद शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, ही सगळी एका घरातली माणसं कशावरून? इथे बाप-लेकांची नावंसुद्धा वेगळी असतात, कारण मुलाला कुळाचं नाव देतात. त्यांची रीत त्यांना ठाऊक, आपली त्यांना कोण सांगणार? मुलीच्या जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरं. एका अक्षरापायी सात महिने गेले. भावाला तिकडे महापालिकेच्या चार खेपा झाल्या, आणि इथे दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. तुम्ही तिथे असतानाच सगळ्या कागदांवर एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या. राजपत्रात छापून घ्यावं लागलं तरी घ्या. त्या बाईंवर माझा राग नाही. आम्हाला पाठवणाऱ्यांनी आमच्याआधी दोन कुटुंबं पाठवली होती, तरी हे एका शब्दाने सांगितलं नाही, त्याचा आहे.

दुसरं. सेवा दोघं करणार असाल तर परमिट दोघांची काढा. बायको आश्रित म्हणून आली की तिला काम करता येत नाही, आणि बिनपगारी सेवा त्यांच्या लेखी कामच असते. दीड वर्ष मी मुलांचे ताप पाहिले, जखमा धुतल्या, पण कागदावर मी कुणीच नव्हते. मंडळीला, म्हणजे चर्चला, जाणाऱ्या अहवालातही यांचंच नाव असायचं. पैशांचंही आधीच विचारा. भारतातल्या ट्रस्टला देशाबाहेर खर्च करायला आयकराच्या नियमात वेगळी परवानगी लागते. ती आहे का हे तोंडी नको, कागदावर बघा.

आता रोजचं. इथे कोळशाच्या चुलीला सिगिरी म्हणतात, म्हणजे आपली शेगडीच. चहाला चाय, दुकानाला दुका, आणि चपाती तर रस्त्यावर जागोजाग मिळते. अंड्याचं ऑम्लेट घालून गुंडाळून देतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वेवर आणि मग व्यापाराला आलेल्या आपल्या लोकांनी हे शब्द इथे ठेवले. १९७२ मध्ये इदी अमीनने भारतीयांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढलं, तेव्हा माणसं गेली, पण शब्द राहिले. पुढे काहीजण परतले. जिंजात गुजराती दुकानांत बेसन, पोहे, तूरडाळ सगळं मिळतं. गोडा मसाला तेवढा आणा. मुलांचं जेवण म्हणजे पोशो, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि राजम्यासारख्या बीन्स, रोज. तुम्हीही तेच त्यांच्या पंगतीला बसून खा. आम्ही पहिलं वर्ष वेगळं शिजवलं. फोडणीचा वास मुलांच्या खोल्यांपर्यंत जायचा, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

बाहेर वाळत घातलेला प्रत्येक कपडा, चड्डी-बनियनसकट, कडक इस्त्री करूनच घालायचा. ओल्या कपड्यावर एक माशी अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. आमच्या मुलीच्या पाठीवर गळू म्हणून मी दोन दिवस पोटीस लावत होते, तिसऱ्या दिवशी ते हललं. पायाच्या बोटांत शिरणारी पिसूही आहे. ती कशी काढायची हे मला वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाईंनी शिकवलं. सेफ्टी पिन ज्योतीवर धरायची, काळ्या ठिपक्याभोवतीची कातडी हळूहळू उकलायची, आणि आतली पांढरी पिशवी न फोडता अख्खी बाहेर घ्यायची. नर्सिंगची तीन वर्षं झालेली मी, आणि चौथी शिकलेल्या त्या बाईंसमोर हात थरथरत होते.

घड्याळही वेगळं आहे. लुगांडा या इथल्या भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात, तीन वाजले म्हणजे सकाळचे नऊ. आणि मुली मोठ्या माणसाला गुडघे टेकून नमस्कार करतात. मी सुरुवातीला त्यांना हाताला धरून उठवायचे. एका आजीबाईंनी शांतपणे सांगितलं, आमच्या पोरींना वळण लावायला आम्ही इतकी वर्षं घालवली, तुम्ही ते मोडू नका. तेव्हापासून हात आवरला.

तुम्ही लिहिलंत की तिथली अनाथ लेकरं तुम्हाला हाका मारतात. ताई, तुमचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात नगरला मिशनच्या अनाथालयात वाढली. तिला कुणीतरी परक्याने भाकर दिली म्हणून आमचं घराणं आहे. ते फेडायचं, एवढ्याच विचाराने मी निघाले. पण तिला खरोखर कुणी उरलं नव्हतं. इथे आल्यावर आमच्याकडे त्रेचाळीस मुलं होती आणि त्यातल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी जिवंत होतं, आई, मामा, आजी. शाळेची फी परवडत नाही म्हणून मूल आमच्या दारात आलं होतं. मी मात्र दर महिन्याला फोटो काढून तिकडच्या मंडळ्यांना लिहायचे, हा अनाथ, ही अनाथ. एक मुलगा इंग्रजी वाचायला शिकला आणि ऑफिसात पडलेला आमचा छापील अहवाल त्याने वाचला. माझ्याकडे घेऊन आला, स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आंटी, माझी आई तर बाजारात केळी विकते." एवढंच बोलला. त्या बाईंकडून मी दर शनिवारी मटोकेचा, म्हणजे शिजवायच्या हिरव्या केळ्यांचा, घड घ्यायचे.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. आज सतराच मुलं आमच्याकडे राहतात. बाकीची आपापल्या घरी असतात, आम्ही फी भरतो, वह्या देतो, सायकलने घरी जाऊन येतो. सरकारचंही धोरण आता मूल शक्यतो कुटुंबात राहावं असंच आहे. देणग्या मात्र कमी झाल्या, आजीजवळ राहणाऱ्या मुलाच्या फोटोला पैसे येत नाहीत. तुम्हाला बोलावणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: किती मुलांचे नातेवाईक आहेत, आणि मुलं त्यांना केव्हा भेटतात? उत्तर टाळलं तर तिकीट काढू नका.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. नाताळला करंज्या एकटीने करताना असतो. रविवारच्या भक्तीत चांगले ढोल वाजत असताना आपली पेटी आणि टाळ आठवतात. दोन वर्षांत तेही अंगवळणी पडतं. त्याची चिंता करू नका.

चिंता मुलाची करा. आम्ही आलो तेव्हा मुलगी आठ वर्षांची. जवळच्या शाळेत घातली. शाळा फेब्रुवारीत सुरू होते, तीन सत्रं, सातवीला सरकारी परीक्षा. इथल्या बऱ्याच शाळांत मुलींचे केस मुलांसारखे बारीक कापलेले असावे लागतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमच्या मुलीला नियम लागू नाही, तिचे केस वेगळे आहेत. मला बरं वाटलं, रोज तेल लावून दोन वेण्या घालायचे. चौथीत असताना एक दिवस ती घरी आली, दप्तर ठेवलं, कात्री माझ्या हातात दिली आणि पाठमोरी बसली. वर्गात एकटीच्याच वेण्या होत्या. मी कापले नाहीत, देवाने दिलेले केस आहेत म्हणून रागावले. रात्री तिने स्वतः कापले, एक बाजू कानापाशी, एक खांद्याला. आजही वाटतं, तेव्हाच हातात कात्री घेऊन बसायला हवं होतं मी.

बारा वर्षांची झाल्यावर तिला भारतात डोंगरावरच्या बोर्डिंगला पाठवलं. पुढचं शिक्षण तिकडेच व्हायचं तर बोर्ड तिकडचंच हवं, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि अर्धी फी एका संस्थेने दिली. तिची मोठी सुटी एप्रिल-मे, आणि इथे एप्रिलमध्ये पहिलं सत्र जोरात चालू. तिच्या सुटीत मी सगळ्यात कामात. एका वर्षी ती आली त्या आठवड्यात सहा मुलांना मलेरिया. खाटा कमी पडल्या म्हणून तिच्या खाटेवर एका लहान मुलीला झोपवलं होतं. ती दारात बॅग घेऊन उभी राहिली, खाटेकडे पाहिलं, आणि म्हणाली, "असू दे, मी खाली झोपते." भांडली असती तर बरं झालं असतं. तीन आठवडे खालीच झोपली.

लहानपणी नगरच्या मिशन कंपाउंडमधले जुने बंगले बघत मी वाढले. अमेरिकेहून येऊन आपल्या पोरींना शिकवणाऱ्या बायांच्या गोष्टी आजी सांगायची. त्यांची स्वतःची लेकरं कुठे होती हे मी कधी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. त्यांच्यासारख्यांच्या मुलांसाठी १९०१ साली कोडाईकनालला शाळा निघाली, हे मला माझी मुलगी बोर्डिंगला गेल्यावर कळलं. नगर ते कोडाईकनाल, त्या काळातली आगगाडी! दिवस मोजत बसले होते मी तेव्हा, तिकडच्या आया कशा राहिल्या असतील म्हणून.

आमची आता एकोणीसची आहे, पुण्यात नर्सिंगच करते. बोलते, हसते, प्रार्थनेत आमची नावं घेते. पण काही झालं की आधी मैत्रिणीला सांगते आणि मला आठवड्याने कळतं. हे पाचारणाचं मोल असं यांचं म्हणणं. मी प्रभूला विचारते, मोल तिनं का द्यायचं? उत्तर अजून मिळालेलं नाही आणि विचारायचं मी सोडलेलं नाही.

तेव्हा तुमच्या मुलाची शाळा कुठली, सातवीनंतर काय, सुट्या कधी जुळतात, हे विमानात बसण्याआधी नवऱ्याबरोबर बसून ठरवा. कंपाउंडमध्ये राहायचं झालं तर त्याच्या खोलीला वेगळं दार मागून घ्या. संध्याकाळचा एक तास त्याचा. दार वाजलं तरी उठू नका, दुसरं कुणी उठेल.

पोळपाट-लाटणं इथे मिळतं, किलो वाया घालवू नका. मच्छरदाणीही इथलीच चांगली. मुलाची उशी आणि चादर मात्र घरचीच आणा, आणि त्याच्या खाटेवर दुसऱ्या कुणाला झोपवू नका, ताप असला तरी. आमच्याकडे परवा एका पोरीला ताप भरला, तिला माझ्या खोलीत खाली गादी टाकून दिली. मुलीची खाट मी मोकळी ठेवली आहे, डिसेंबरात ती येते.